सोलरचं पाणी रात्री कढत, पहाटे कोमट : पाणी कुठे मुरतंय?

कंदीपेढा | १२ डिसेंबर, सकाळी ११.१०

मंडळी, गरम पाण्याच्या सोलरमधलं कळणारं कुणी आहे का इथे? आम्ही साताऱ्यात राहतो, एकमजली बंगला, घरात सहा माणसं. दसऱ्याला २०० लिटरचा सोलर बसवला. नळ्यांचा नाही, पॅनेलवाला. गच्चीवर वानरं येतात आणि शेजारच्यांच्या काचेच्या नळ्यांचं त्यांनी काय केलं ते पाहिलं होतं, म्हणून जास्त पैसे घालून तांब्याची दोन पॅनेलं घेतली.

दिवाळीपर्यंत तक्रार नव्हती. आता थंडी पडल्यापासून गंमत अशी, की संध्याकाळी सहाला स्वयंपाकघरातला नळ सोडला तर बोट भाजतं. रात्री नऊलाही पाणी चांगलं कढत असतं. पहाटे साडेपाचला मात्र सासूबाई आंघोळीला गेल्या की विसण घालायची वेळच येत नाही, कोमट पाण्याची अख्खी बादली अंगावर घ्यावी लागते. रात्री नऊनंतर घरात कुणी गरम पाण्याचा थेंब वापरत नाही. मग टाकीतलं पाणी निवतं कसं? म्हणे दोन इंच पफ (ऊब धरणारा फोम) आहे आत.

फिटरला तीनदा बोलावलं. पहिल्यांदा म्हणाला थंडी आहे. दुसऱ्यांदा म्हणाला थंडी आहे. तिसऱ्यांदा म्हणाला, कॉइल चालू करा ना ताई. दोन किलोवॅटची कॉइल रोज पहाटे चालवायची तर सोलर कशाला घेतला?

सासूबाईंनी माळ्यावरचा तांब्याचा बंब काढून चिंचेने घासायला घेतलाय. त्या बोलत काही नाहीत, पण आवाज मला ऐकू येतो.

---

उगाच_एक | ११.३२

बंबाला अनुदान मिळतं का बघा. 

बाकी जाणकारांच्या प्रतीक्षेत. गाळण्यातून चहा आणि धाग्यातून ज्ञान.

---

मिरजमळा | १२.०५

ताई, नव्वद टक्के केसेसमध्ये मिक्सर चोर असतो. बाथरूममध्ये गरम-गार एकत्र करणारा मिक्सर असेल आणि त्याच्या पुढे हँडशॉवर असेल, तर लोक शॉवरच्या डोक्याशी असलेलं बटण बंद करतात आणि मिक्सरच्या दोन्ही चाव्या उघड्याच ठेवतात. मग गार लाइन आणि गरम लाइन आतल्या आत जोडली जाते. तुम्ही दुसरीकडे गरम नळ सोडला की त्यात निम्मं गार येतं. टाकी कढत, नळ कोमट.

बघायची सोपी रीत: गच्चीवर सोलरच्या टाकीला गार पाणी देणारा व्हॉल्व्ह बंद करा. खाली येऊन गरम नळ सोडा. पाइपात आणि टाकीच्या तोंडाशी असेल तेवढं पाणी येईल आणि धार थांबेल. थांबली नाही, येतच राहिली, तर दुसरीकडून गार पाणी घुसतंय. काम झाल्यावर व्हॉल्व्ह आठवणीने उघडा.

---

कंदीपेढा | १३ डिसेंबर, सकाळी ९.१५

केलं. अर्ध्या मिनिटात धार बंद. म्हणजे मिक्सर निर्दोष. पुढे काय?

---

चकलीचा_सोऱ्या | ९.४०

तुमचा निर्दोष, आमचा दोषी! मुलाच्या बाथरूममधल्या हँडशॉवरची हीच भानगड निघाली. दोन वर्षं कंपनीला शिव्या घालतोय. मिरजमळा, दंडवत.

---

पाणचक्की | दुपारी २.२०

थोडं सविस्तर लिहितो. कारखान्यात बॉयलरवर तीस वर्षं काढली, घरचा सोलर बावीस वर्षं स्वतः सांभाळतोय. कंटाळा आला तर पुढे सरका.

तुमच्या सोलरमध्ये पंप नाही. ढकलणारं कुणी नाही. तरी पाणी फिरतं, कारण तापलेलं पाणी हलकं होतं. पॅनेलच्या काचेखाली काळा पत्रा, पत्र्याला चिकटून तांब्याच्या उभ्या बारीक नळ्या (रायझर), खाली आणि वर त्यांना जोडणारे आडवे जाड पाइप (हेडर). ऊन पडलं की रायझरमधलं पाणी तापतं, वर चढतं, वरच्या हेडरमधून टाकीच्या वरच्या भागात जातं. त्याची जागा घ्यायला टाकीच्या तळातलं गार पाणी खालच्या हेडरमध्ये उतरतं. ऊन असेतोवर हे रहाटगाडगं चालू. टाकीत गरम वर, गार खाली असे थर राहतात आणि घरात जाणारा पाइप वरच्या थरातून निघतो.

आता या ढकलीची ताकद किती? २० अंशांचं पाणी घनमीटरला ९९८ किलो, ६० अंशांचं ९८३. म्हणजे एक मीटर उंचीच्या गार आणि गरम स्तंभांत फरक पडतो जेमतेम १५ मिलिमीटर पाण्याच्या दाबाचा. प्रत्यक्षात पॅनेल आणि टाकी यांच्यात दहाएक अंशांचाच फरक असतो, तेव्हा पाचच मिलिमीटर धरा. करंगळीच्या नखाएवढं. एवढ्या जोरावर सगळा संसार. त्यामुळे पाइपाला जरा पोक आलं, हवा अडकली, एल्बो जास्त झाले, की गाडी अडली. या यंत्रात तांबं, काच, पफ सगळं दुय्यम. मुख्य गोष्ट उंची. कोण कुणाच्या वर.

आणि रात्री? रात्री पॅनेल उघड्या आकाशाखाली पडलेलं असतं. स्वच्छ आकाश असलं की काच आणि पत्रा वेगाने निवतात, आतलं पाणी जड होतं. टाकीचा तळ पॅनेलच्या वरच्या हेडरपेक्षा फूटभर उंच असेल तर हे जड पाणी पॅनेलमध्येच बसून राहतं. त्याला जायला जागा नसते. पण टाकी खाली बसवली असेल आणि हेडर टाकीच्या तळापेक्षा उंच असेल, तर चक्र उलटं फिरतं. पॅनेलमधलं जड गार पाणी खालून टाकीत घुसतं आणि टाकीतलं गरम पाणी वरच्या पाइपाने पॅनेलमध्ये येऊन आकाशाला ऊब देत बसतं. रात्रभर.

दोन मापं सांगा: गच्चीच्या फरशीपासून वरचा हेडर किती उंच, टाकीचा तळ किती उंच. आणि रात्री अकराला वर जाऊन, पॅनेलकडून टाकीला जाणारा वरचा पाइप असतो ना, त्याचं वेष्टण बोटभर सरकवून हात लावा. सूर्य मावळून पाच तास झालेत. तो पाइप गार लागला पाहिजे.

---

उगाच_एक | २.५१

आकाशाला ऊब देत बसतं! काका, तुम्ही बॉयलरवर होता की कवितेवर?

---

ऑरेंजसिटी | ३.३०

म्हणूनच नळ्यांचा घ्यावा. एकात एक अशा दोन काचेच्या नळ्या, मध्ये निर्वात पोकळी. उष्णता परत जायला वाट कमी, त्यामुळे रात्री हे नखरे फारसे नाहीत. नळीच्या टोकाला चंदेरी डाग असतो, तो पांढरा पडला की समजायचं पोकळी गेली, नळी बदला. आमची २० नळ्यांतली एकच गेली आठ वर्षांत.

वानरांचं मात्र खरं आहे. आणि एक चूक करू नका, मी केली होती: मे महिन्यात नागपुरात टाकी रिकामी झाली, भर दुपारी पाणी सोडलं. आत शेकून निघालेल्या काचेला गार पाणी लागलं आणि फटाक्यांच्या माळेसारख्या चार नळ्या गेल्या. रिकामा सोलर संध्याकाळनंतर किंवा पहाटेच भरायचा.

---

बोअरचंपाणी | ४.१०

लातूरकडे बोअरचं पाणी असणाऱ्यांनी थेट पाणी फिरणारं पॅनेल घेऊ नये, हे इथेच लिहून ठेवतो. आमच्या रायझरच्या अर्ध्या इंची नळीत पाच वर्षांत एवढा क्षार बसला की आत पेन्सिल जाईना. ॲसिडने धुऊन घेतलं, दोन वर्षं चाललं, पुन्हा तेच. आता नळ्यांचा आहे. क्षार त्यातही बसतो, पण नळी रुंद असल्याने उपसून साफ करता येते. पाणी जास्त तापलं की क्षार जास्त बसतो, म्हणून उन्हाळ्यात आम्ही अर्ध्या नळ्यांवर गोणपाट टाकतो.

---

कंदीपेढा | १४ डिसेंबर, सकाळी ७.०५

पाणचक्की काका, रात्री अकराला स्वेटर, कानटोपी, टॉर्च घेऊन गेले. नवरा जिन्यात उभा राहून विचारत होता, नक्की काय शोधतेस.

पाइप गरम! हात ठेववत नव्हता असं नाही, पण चहाच्या कपासारखा गरम. आणि पॅनेलची काचसुद्धा किंचित उबदार.

मापं: वरचा हेडर पावणेसहा फूट. टाकीचा तळ साडेचार फूट.

अजून एक. आज सकाळी सासूबाई तुळशीला पाणी घालायला वर आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "समोरच्यांच्या गाडीच्या काचेवर बघ किती दव पडलंय, आपल्या पॅनेलवर थेंब नाही." मी इतके दिवस रोज बघत होते, माझ्या लक्षात आलं नाही.

---

पाणचक्की | ७.४८

तुमच्या सासूबाईंना नमस्कार सांगा. निदान झालं. उबदार काचेवर दव धरत नाही.

हेडर टाकीच्या तळापेक्षा सव्वा फूट वर! हे उलट व्हायला हवं. पण पॅनेल एवढं उंच कसं गेलं? दोन मीटरचं पॅनेल ३० अंश कलतं ठेवलं तर वरची कड खालच्या कडेपेक्षा एक मीटरच वर जाते. खाली पाय अर्धा फूट धरला तरी पावणेचार फूट. वरचे दोन फूट कुठून आले?

---

कंदीपेढा | ८.३०

विटांचे खांब बांधलेत पॅनेलखाली. दक्षिणेला तीन फुटी कठडा आहे, त्याची सावली पडते म्हणून फिटरने पॅनेल उचललं. आणि टाकी वर नेता आली नाही, कारण गार पाण्याची काळी टाकी सात फुटांच्या स्टँडवर आहे, सोलरची टाकी तिच्या खालीच हवी म्हणाला.

---

पाणचक्की | ९.२०

टाकीबद्दल तो बरोबर बोलला. गार पाणी स्वतःच्या उंचीने सोलरच्या टाकीत शिरतं, म्हणून गार टाकीचा तळ सोलर टाकीच्या डोक्यावर हवा. वरून माळ लावलीय बघा: गार टाकी, तिच्याखाली सोलर टाकी, तिच्याखाली पॅनेल. त्याने वरच्या दोघी सांभाळल्या आणि तिसरीला सावलीसाठी उचलून मधे खुपसली.

आता सावलीचा हिशेब. साताऱ्याचा अक्षांश पावणेअठरा. २१ डिसेंबरला माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४९ अंशांवर. तीन फुटी कठड्याची सावली तेव्हा उत्तरेकडे पडते जेमतेम अडीच-पावणेतीन फूट. सकाळी नऊला सूर्य ३० अंशांवर असतो, पण आग्नेयेला; सावली लांब असली तरी उत्तरेकडे सरकलेली साडेतीन फूटच भरते. म्हणजे वर्षातल्या सगळ्यांत वाईट दिवशीसुद्धा पॅनेल कठड्यापासून चार फूट मागे असेल तर नऊ ते तीन सावलीचा स्पर्श नाही. उचलायची गरजच नव्हती, सरकवायचं होतं. मागे जागा आहे ना?

तोवर एक घरगुती प्रयोग करा. ऊन उतरलं की पॅनेलवर जुनी गोधडी आणि वर ताडपत्री घाला, सकाळी आठला काढा. पॅनेल कमी निवेल, उलटी फेरी मंदावेल. पाणी मोजायला दुधाचा थर्मामीटर चालतो.

---

स्टुटगार्टचाबंड्या | दुपारी १.१५

वाचून मजा आली. आमच्याकडे छतावर पॅनेल आणि टाकी थेट तळघरात. गरम पाणी खाली स्वतःहून कसं उतरेल, म्हणून पंप असतो. छतावरचं आणि टाकीतलं तापमान यांची तुलना करून तो चालू-बंद होतो. पाइपात नुसतं पाणी नाही, गोठू नये म्हणून ग्लायकॉल मिसळलेलं. ते टाकीतल्या वेटोळ्यातून फिरतं, आंघोळीचं पाणी वेगळं. आणि इथे टाकी खाली, छत वर, म्हणजे रात्री पाणी उलटं फिरायला रान मोकळं. त्यासाठी लाइनमध्ये एक झडप असते, तिचं नाव श्वेअरक्राफ्टब्रेम्झं. शब्दशः, गुरुत्वाकर्षणाचा ब्रेक.

कंदीपेढा ताईंना असाच एक एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) पॅनेल आणि टाकीच्या मधे टाकला तर?

---

मिरजमळा | १.४०

चालणार नाही. काकांनी आधीच सांगितलंय, पाच मिलिमीटरचा जोर. आपला स्प्रिंगवाला एनआरव्ही तेवढ्याने हलणार नाही. दिवसाही बंदच राहील.

---

पाणचक्की | २.०५

बरोबर. आणि कुणी सुचवेल की हाताचा व्हॉल्व्ह टाका, रात्री बंद, सकाळी उघडा. कृपा करून टाकू नका. एक दिवस उघडायचं विसरलात तर पॅनेलमध्ये पाणी कोंडून उकळायला लागेल. पॅनेलपासून टाकीपर्यंत आणि टाकीपासून व्हेंट पाइपच्या (टाकीतली हवा-वाफ बाहेर सोडणाऱ्या उभ्या पाइपच्या) उघड्या तोंडापर्यंत वाट कायम मोकळी पाहिजे. व्हेंट पाइपला टोपण घालणारे महाभागही मी पाहिलेत, पाणी सांडतं म्हणून. ते सांडत असेल तर पाइप गार टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या वर न्या, तोंड दाबू नका.

अवांतर: हा रात्रीचा प्रश्न सोलरइतकाच जुना आहे. १८९१ साली बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्पने 'क्लायमॅक्स' नावाच्या सोलर हीटरचं पेटंट घेतलं. त्यात पाण्याच्या टाक्याच काचेच्या पेटीत ठेवलेल्या असत. दुपारी कढत, सकाळी गार. १९०९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या विल्यम बेलीने तापवायची जागा आणि साठवायची जागा वेगळी केली, टाकीला वेष्टण घातलं आणि ती वर ठेवली. आपल्या मालाला नाव दिलं 'डे अँड नाइट'. तुमच्या फिटरने बेलीच्या यंत्राचा पुन्हा केम्प केला.

---

गच्चीवरचा | सायंकाळी ६.१०

मधेच एक प्रश्न. आम्ही पुण्यात सूर्यघर योजनेतून तीन किलोवॅटची विजेची पॅनेलं बसवली, ७८ हजार अनुदान आलं. आता गिझर फुकटच. मग हे पाण्याचं सोलर कशाला ठेवायचं?

---

पाणचक्की | ७.००

असलेलं काढू नका. २०० लिटर पाणी ३५ अंशांनी तापवायला ८ युनिट लागतात. तीन किलोवॅटवाल्याला दिवसाला १२ युनिट मिळाली तरी दोन तृतीयांश आंघोळीत गेली. पाण्याचं पॅनेल उन्हातली निम्म्याच्या आसपास उष्णता पकडतं, विजेचं पॅनेल पाचवा हिस्सा. नवीन घेणाऱ्याचं गणित वेगळं, कारण पाण्याच्या सोलरचं केंद्राचं अनुदान २०१४ मध्येच थांबलं. जागा कमी असेल तर विजेचं आधी, हे मीही सांगेन.

---

चकलीचा_सोऱ्या | ७.२५

पुण्यात मिळकतकरात सूट असते की. सोलर, पावसाचं पाणी मुरवणं, गांडूळखत यांतलं एक असेल तर ५ टक्के, दोन असतील तर १०. आमच्या सोसायटीत गांडूळखताचा खड्डा आहे, गांडुळं नाहीत.

आणि फ्लॅटवाल्यांचं दुखणं कुणी बोलतच नाही. सहावा मजला टाकीजवळ, त्यांना लगेच गरम. आम्ही पहिल्या मजल्यावर. वीस मीटर पाऊण इंची पाइपात पाच लिटर पाणी असतं, रात्रभर निवलेलं. ते काढल्याशिवाय गरम येत नाही, आणि सकाळी दोन नळांना दोनदा काढायचं. आम्ही ते बादलीत धरून फरशीला वापरतो. बाकीचे सरळ मोरीत सोडतात.

---

कंदीपेढा | १७ डिसेंबर, सकाळी ८.००

गोधडीचा निकाल. तीन दिवस संध्याकाळी आणि सकाळी त्याच नळाचं, एक बादली सोडून दिल्यावरचं माप घेतलं.

गोधडीशिवाय: संध्याकाळी ५८, सकाळी ३९.
गोधडी घालून: संध्याकाळी ५७, सकाळी ४७. दुसऱ्या दिवशीही ४७.

कंपनीच्या माणसाला हे दाखवलं, तो म्हणाला गोधडी घालत जा की मग. मी धाग्याची प्रिंट काढून दिली. आता त्यांचा सुपरवायझर येणार आहे.

---

उगाच_एक | ८.१२

सोलरला गोधडी घालून झोपवणारं महाराष्ट्रातलं पहिलं घर.

---

कंदीपेढा | २ जानेवारी, सकाळी ७.३०

उशिरा लिहितेय, नातेवाईक होते.

सुपरवायझर आला, लेव्हल ट्यूब लावून त्याने मापं घेतली आणि चूक कबूल केली. मजुरी मात्र माझ्याच गळ्यात, साडेचार हजार. भांडत बसले नाही. विटांचे खांब फोडले, दोन्ही पॅनेलं चार फूट मागे घेऊन खाली ठेवली, टाकीचा स्टँड मागे सरकवला, वरचा पाइप सलग चढता केला. आता हेडर पावणेचार फूट, टाकीचा तळ साडेचार. नऊ इंच मिळाले. काका, तुम्हाला फूटभर हवं होतं, पण त्यासाठी गार टाकी उचलावी लागली असती.

काल रात्री अकराला पाइप गार. काल संध्याकाळी ५८, आज पहाटे ५४. सासूबाईंनी विसण मागून घेतलं. बंब घासून झालाय आणि इतका लखलखतोय, की त्यात मनीप्लांट लावायचं ठरलंय.

आणि आज पॅनेलवर दव होतं. काचभर.

---

पाणचक्की | ७.५२

नऊ इंच पुरतात. दव आहे तोवर ओल्या फडक्याने काच पुसून घ्या. विटा फोडल्याची धूळ बसली असेल, आणि ऊन चढल्यावर तापलेल्या काचेवर गार पाणी मारायचं नसतं.